जागा देणारा खेळ

चांगल्या चाललेल्या कामात कुणी अडथळा आणला, की आपण म्हणतो, 'त्यानं कामात खो घातला.' शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याचं नेहमी नवल वाटतं. कारण मैदानावर खो मिळाला, की बसलेल्याला उठायची संधी मिळते आणि दमलेल्याला बसायला जागा मिळते. रोजच्या बोलण्यात बदनाम झालेला हा शब्द मैदानावर मात्र मानाचा आहे. त्या खेळाविषयी, आणि लहानपणी जडलेली त्याची माया मोठेपणीही सुटत नाही अशा मुलींविषयी, आज थोडं बोलायचं आहे.

खो-खो आपण सगळेच शाळेत खेळलो. पण खेळ नेमका कसा चालतो, हे मोठेपणी आठवत नाही. मैदानाच्या मधोमध एक अरुंद पट्टी, तिच्या दोन टोकांना सुमारे सव्वा मीटर उंचीचे दोन खुंट. पट्टीवरच्या आठ चौकोनांत आठ गडी बसतात. एकाचं तोंड पूर्वेला, तर शेजारच्याचं पश्चिमेला. नववा पाठलाग करतो. समोरच्या संघाचे गडी तीन-तीनच्या तुकडीनं आत येतात. त्यांनी कुठूनही पळावं, बसलेल्यांच्या मधून नागमोडी निसटावं. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली, की खुंटापर्यंत मागे वळता येत नाही. पळणारा पलीकडे निसटला, की त्यानं बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप द्यायची, 'खो' म्हणायचं आणि त्याच्या जागी बसायचं. पुढचा पाठलाग त्या सोबत्याचा.

पाठलाग करणाऱ्यावर एवढी बंधनं घालणारे खेळ थोडेच असतील. एकट्याच्या बळावर कुणाला पकडणं इथं फार अवघड. हाताशी आलेली शिकार दुसऱ्याच्या हवाली करून आपण खाली बसायचं, हे ज्याला जमलं त्याला खो-खो जमला.

या खेळाचे नियम 1914 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले. त्याआधीही तो मातीत खेळला जात होताच. बॅट नाही, चेंडू नाही, बूटही नाहीत, तरी डाव रंगतो. म्हणून गरिबाघरच्या लेकरांना तो जवळचा वाटतो. आणि म्हणूनच, 'हे पोरासोरांचं खेळणं' असं म्हणून मोठी माणसं त्याला निकालातही काढतात.

माझ्या बहिणीची मुलगी पाचवीत असताना मैदानात उतरली. आज ती तेवीस वर्षांची आहे. तिच्याबरोबरच्या बहुतेक मुलींचा खेळ दहावीनंतर सुटला. कुणाला दूरचं कॉलेज मिळालं, कुणाच्या घरी कामाला माणूस नव्हतं, कुणाचं लग्न झालं. ही मात्र सकाळी एका दुकानात हिशेब लिहिते आणि संध्याकाळी पाच वाजता मैदानावर असते. तिच्या गुडघ्यांवरच्या खपल्या बघून माझी बहीण अजूनही कपाळाला हात लावते. स्थळ बघायला आलेल्या एका बाईंनी चहा पिता पिता विचारलं, "हे पळणं कधी सोडणार?" मुलीनं कप उचलले आणि ती आत गेली. पुढं त्या घरून निरोप आला नाही.

मी तिला एकदा विचारलं, "बेटा, नोकरीचा भरवसा नाही, पैसा नाही. काय मिळतं तुला?" ती म्हणाली, "मामू, बसलेली असते ना, तेव्हाच मी सगळ्यात जास्त खेळते." तिचं म्हणणं मला मैदानावर जाऊन कळलं. बसलेला गडी टाचा उचलून, हात जमिनीला टेकून, नजर पळणाऱ्यावर ठेवून असतो. थाप कोणत्या क्षणी पडेल सांगता येत नाही. पडली, की त्याच क्षणी उठायचं असतं. आपली कुणाला तरी गरज लागणार आहे, याची अशी वाट बघणं घरात किंवा दुकानात फारसं वाट्याला येत नाही. लहानपणी लागलेली ही गोडी नुसत्या बक्षिसांवर टिकत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या सारिका काळे यांचंच उदाहरण घ्या. 2016 साली गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळवलं. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा लोकांना कळलं, की या मुलीनं कित्येक वर्षं एक वेळच्या जेवणावर सराव केला होता. दिल्लीच्या नसरीन शेख यांचे वडील रस्त्यावर भांडी विकायचे. 2020 च्या टाळेबंदीत ते उत्पन्नही थांबलं. 2019 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची ही कर्णधार. तिनं खेळ सोडला नाही. 2023 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. मातीतला हा खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात खेळला गेला. महिला आणि पुरुष, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानं नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते : प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. नसरीनही त्या विजेत्या संघात होती. माझ्या भाचीनं अंतिम सामना मोबाईलवर बघितला, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता नेहमीसारखी मैदानावर गेली.

विश्वचषकापर्यंत पोहोचणाऱ्या मुली मोजक्याच. बाकीच्या तालुक्याच्या मैदानावरच खेळत राहतात, आणि त्यांची माया काही कमी प्रतीची नसते. खो-खोत पळणाऱ्याची गुणवत्ता मोजतात ती त्यानं मैदानावर काढलेल्या मिनिटांवर. नऊ मिनिटांच्या डावात दोन-तीन मिनिटं तग धरणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. तुमच्या घरात अशी एखादी मुलगी असेल, तर संध्याकाळी ती धुळीनं माखून परतल्यावर 'हे कधी सोडणार?' असं विचारू नका. 'आज किती मिनिटं पळालीस?' एवढं विचारा. ती सेकंदांसकट सांगेल.