'साऊंड ऑफ फ्रीडम' बघून लोक रडले, मग भांडले. पण मुलांच्या तस्करीबद्दल त्यांना नेमकं काय कळलं?

४ जुलै २०२३, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. थिएटरमध्ये डिस्नेचा महागडा 'इंडियाना जोन्स' लागलेला होता. त्या एका दिवशी त्याच्यापेक्षा जास्त गल्ला जमवला एका अशा चित्रपटानं, ज्याचं नाव आठवड्यापूर्वी अनेकांनी ऐकलंही नव्हतं. 'साऊंड ऑफ फ्रीडम'. विषय होता लहान मुलांची तस्करी.

सुमारे दीड कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटानं एकट्या अमेरिकेत १८ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, समीक्षकांचं मत विभागलं गेलं आणि सोशल मीडियावर जे भांडण पेटलं ते कित्येक महिने चाललं. हे भांडण समजून घ्यायला हवं, कारण मुलं पळवणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याही फोनवर येतात आणि त्यावरच्या आपल्या प्रतिक्रिया फार वेगळ्या नसतात.

गोष्ट काय आहे?

होंडुरासमधल्या एका वडिलांना कुणीतरी सांगतं की तुमच्या मुलांमध्ये मॉडेलिंगचे गुण आहेत, ऑडिशनला आणा. बाप दोन्ही मुलांना तिथं सोडतो. संध्याकाळी घ्यायला येतो तेव्हा खोली रिकामी असते. पुढे टिम बॅलार्ड नावाचा अमेरिकन सरकारी अधिकारी मुलाला सोडवतो आणि त्याच्या बहिणीच्या शोधात नोकरी सोडून कोलंबियात जातो.

बॅलार्ड ही खरी व्यक्ती आहे. जिम कॅव्हिझेलनं त्यांची भूमिका केली आहे. २०१४ साली कोलंबियात पोलिसांबरोबर केलेल्या एका कारवाईवर चित्रपटाचा मोठा भाग बेतलेला आहे, पण त्यात सिनेमाचं स्वातंत्र्यही भरपूर घेतलेलं आहे.

चित्रीकरण २०१८ मध्येच झालं होतं. वितरणाचे हक्क फॉक्सकडे होते, फॉक्स डिस्नेनं विकत घेतलं आणि चित्रपट पडून राहिला. शेवटी हक्क परत मिळवून तो एंजल स्टुडिओज या कंपनीनं प्रदर्शित केला. हा उशीर पुढच्या सगळ्या वादात तेल ओतणारा ठरला. "हॉलिवूडला हे तुम्हाला दाखवायचं नव्हतं" असं म्हणायला आयतं कारण मिळालं.

रडू खरं होतं

थिएटरबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मतं घेऊन श्रेणी देणाऱ्या सिनेमास्कोरनं चित्रपटाला 'ए प्लस' दिला. ही श्रेणी फार थोड्या चित्रपटांना मिळते. लोकांनी गाडीत बसून, डोळे पुसत व्हिडिओ केले. स्वतःच्या मुलांना घट्ट धरल्याचं लिहिलं. याची टिंगल करण्यात अर्थ नाही. मूल हरवण्याची भीती ही आईबापाची सगळ्यात जुनी भीती आहे.

पण कंपनीनं त्या क्षणाचा उपयोगही हुशारीनं केला. श्रेयनामावली सुरू असताना पडद्यावर कॅव्हिझेल येतो, प्रेक्षकांशी थेट बोलतो आणि क्यूआर कोड दाखवतो. तो स्कॅन करून तुम्ही दुसऱ्या कुणासाठी तिकिटाचे पैसे भरायचे. अनेकांना वाटलं, आपण मुलांच्या सुटकेला हातभार लावतोय. प्रत्यक्षात त्या पैशातून तिकिटंच निघत होती. बेकायदेशीर काहीच नाही, योजना उघड होती. तरीही "मी काहीतरी केलं" हे समाधान तिकीट खिडकीपाशीच संपत होतं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात बोलकं वाटतं.

मग भांडण कशावरून?

अमेरिकेत २०१७ पासून 'क्यूअॅनन' नावाचं एक कटकारस्थान इंटरनेटवर फिरतंय. त्यानुसार सत्तेतले आणि हॉलिवूडमधले बडे लोक मुलांचा छळ करणारी गुप्त टोळी चालवतात आणि डोनाल्ड ट्रम्प तिच्याशी लढतायत. याला कसलाही पुरावा नाही. चित्रपटात याचा उल्लेखही नाही. पण कॅव्हिझेलनं मात्र या मंडळींच्या आवडत्या कल्पना जाहीर कार्यक्रमांत बोलून दाखवल्या होत्या. त्यात जुलैमध्ये ट्रम्प यांनी आपल्या गोल्फ क्लबवर चित्रपटाचा खास खेळ ठेवला. झालं, चित्रपट आवडणं न आवडणं म्हणजे पक्ष जाहीर करणं झालं.

दिग्दर्शक अलेहांद्रो मॉन्टेव्हेर्डे सांगत राहिले की आपण पटकथेवर काम सुरू केलं तेव्हा क्यूअॅनन जन्मालाही आलं नव्हतं. ऐकतंय कोण? टीका करणाऱ्याला "तू तस्करांच्या बाजूचा" आणि कौतुक करणाऱ्याला "तू कटवाला" असा शिक्का बसत होता. काही प्रेक्षकांनी तर एसी बंद पडला, दिवे लागले म्हणून थिएटरवालेच चित्रपट पाडतायत असे व्हिडिओ टाकले. एएमसी या थिएटर साखळीनं ते फेटाळलं आणि एंजल स्टुडिओजनंही थिएटरवाल्यांची बाजू घेतली. जुलैच्या उकाड्यात बंद पडलेला एसीसुद्धा कटाचा पुरावा ठरला!

त्याच वर्षी खऱ्या बॅलार्डनी स्वतःच्या संस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांच्यावर अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले. पण त्यानंतर चर्चा मुलांवरून पूर्णच उडाली आणि एका माणसाभोवती फिरत राहिली.

सीसीटीव्हीत दिसतं ते आणि दिसत नाही ते

चित्रपटाची सुरुवात सीसीटीव्हीसारख्या दृश्यांनी होते. रस्त्यावरून, दुकानासमोरून मुलं उचलून नेणारी माणसं. मुख्य कथेत फसवणूक आहे, ऑडिशनचं आमिष आहे, आणि ते वास्तवाला बरंच जवळचं आहे. पण डोक्यात राहतात ती उचलून नेण्याचीच दृश्यं.

असं घडतं का? घडतं. पण तस्करीचा मोठा भाग असा नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या आयओएम या स्थलांतर संघटनेनं मांडलेल्या आकडेवारीनुसार, नोंद झालेल्या बालतस्करीच्या प्रकरणांपैकी ४१ टक्क्यांमध्ये कुटुंबातल्या किंवा नात्यातल्या माणसाचा हात होता. अनोळखी माणसावर लक्ष ठेवणारा प्रेक्षक नेमका या बाजूला पाठ करून उभा असतो.

महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला आणि मग एक व्यवहार उघडकीला आला. वस्तीवरची लहान मुलं मेंढपाळांकडे कामाला दिली जात होती, बदल्यात काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. मोटारसायकल नाही, तोंडावर रुमाल नाही, बेटावरची पार्टी नाही. नेणारा माणूस ओळखीतला आणि देणारे आईबाप कर्जात किंवा भुकेत. याच्यावर चित्रपट काढला तर तो किती लोक बघतील, माहीत नाही.

चुकीच्या चित्राची किंमतही असते. २०२० मध्ये अमेरिकेत वेफेअर ही फर्निचर कंपनी महाग कपाटांच्या नावाखाली मुलं विकते अशी अफवा पसरली. तस्करीविरोधी हेल्पलाइन चालवणाऱ्या पोलारिस या संस्थेला इतके फोन आणि संदेश आले, की खरी मदत हवी असलेल्यांपर्यंत पोहोचणं अवघड झालं, असं संस्थेला सांगावं लागलं.

आपल्याकडे किंमत याहून मोठी मोजली गेली. कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी एक जनजागृतीची फिल्म बनवली होती. मोटारसायकलवरून दोघं येतात, खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात, मग परत आणून सोडतात आणि मुलं पळवणं किती सोपं आहे असा इशारा देणारा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. उरलेला तुकडा २०१८ मध्ये खऱ्या अपहरणाचं सीसीटीव्ही म्हणून भारतभर व्हॉट्सअॅपवर फिरला. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी गावंच्या गावं धास्तावलेली होती त्याच काळात, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं पकडलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. ते भिक्षा मागायला आले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असा बदल जाहीर केला.

मारणारे लोक मुलांचे शत्रू नव्हते. त्यांच्या डोक्यात मुलांना वाचवण्याचंच होतं.

असा व्हिडिओ समोर आला तर?

मूल धोक्यात आहे असं वाटलं तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, चोवीस तास आणि मोफत. तातडी असेल तर ११२. तुम्हाला खात्री असायला हवी असं नाही, संशय पुरेसा आहे. खातरजमा करणं त्यांचं काम आहे. स्टेशनवर किंवा गाडीत असाल तर रेल्वे पोलिसांना सांगा.

आणि मूल सापडल्यावर, सुटका झाल्यावर त्याचा चेहरा, नाव, गाव, शाळा पोस्ट करू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार तो गुन्हा आहे, लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पॉक्सोखालीही. "चांगल्या हेतूनं शेअर केलं" म्हणून फोटो इंटरनेटवरून परत येत नाही. ते मूल पंचवीस वर्षांचं होईल, नोकरीला लागेल, आणि कुणीतरी त्याचं नाव शोधेल.