वाट पाहताना तयार करायचे एक पान

जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या चाचणी आवृत्तीसाठी वेगळी जागा कशी काढायची, हे या आठवड्यात पाहायचे ठरले होते. ते आता पुढच्या आठवड्यात. मधे मुलुंड पश्चिमेच्या एका वाचकांचे पत्र आले आणि त्याला थांबवून ठेवणे बरे नव्हे. स्टेशनजवळ त्यांचे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, सोसायट्यांच्या नोटिसा असा मजकूर दिवसभर मराठीत टाइप होतो. एमपी३ गाण्यांचे पहिले काही सेकंद कापून टाकणाऱ्या विंडोज ७ बीटाची हकिगत वाचून ते विचारतात : एवढा धोका पत्करून चाचणी आवृत्ती बसवली, तर तीत मराठी तरी नीट चालेल का? आणि चालत नसेल, तर ती बसवून फायदा कुणाचा?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मराठीतली चूक मराठीत टाइप करणाऱ्यालाच सापडते. चाचणीच्या महिन्यांत ती कुणी कळवली नाही, तर ती पक्क्या आवृत्तीत जाते आणि मग दुकानादुकानांत वर्षानुवर्षे नांदते.

पहिल्या प्रश्नासाठी जुहूला जावे लागेल. तिथल्या गुलमोहर क्रॉस रोडवर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवून नंतर या संस्थेत आले. विंडोजबरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांच्या देखरेखीखाली घडला. त्याआधी मराठी लिहायचे तर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारखे वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे. फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेल्या विंडोज २००० ने प्रथमच युनिकोड देवनागरीला ऑपरेटिंग सिस्टिममध्येच जागा दिली. जुहूच्याच संस्थेने ‘रघू’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला आणि तो लिनक्सवर देवनागरी आणू पाहणाऱ्यांच्या कामी आला.

देवनागरीचा फॉन्ट म्हणजे नुसती अक्षरांची चित्रे नव्हेत. ‘अर्क’ लिहिताना कीबोर्डवरून अ, र, हलन्त, क या क्रमाने खुणा जातात. त्यातला र उचलून क च्या डोक्यावर रफार म्हणून बसवायचे काम ऑपरेटिंग सिस्टिममधला अक्षरजुळणीचा भाग करतो. कोणती जोडणी झाल्यावर कोणते चित्र वापरायचे, याचे तक्ते फॉन्टमध्ये असतात. नव्या आवृत्तीत या दोहोंपैकी एकालाही हात लागला, की शेकडो जोडाक्षरे पुन्हा तपासावी लागतात.

इथे हिंदी आणि मराठी वेगळ्या होतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. फक्त हिंदी टाइप करून पाहणाऱ्याला दुसऱ्या जोडणीची गरजच पडत नाही. ती बिघडली, तर त्याच्या अहवालात देवनागरी उत्तम चालते असेच लिहिले जाईल.

‘ॲ’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो एप्रिल २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. विंडोज एक्सपी २००१ ची. त्यामुळे टाइप करणाऱ्यांनी अ वर चंद्राची मात्रा देऊन वेळ भागवली. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत. एका पद्धतीने टाइप केलेला ‘ॲडव्होकेट’ दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर सापडेलच असे नाही. जुन्या फाइलींचा गठ्ठा सांभाळणाऱ्या दुकानदाराला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये तर एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनला घाम फोडला. आयओएस ११.२.५ वर ते अक्षर असलेला निरोप आला, की निरोपांचे ॲपच बंद पडायचे. आयआयटी मुंबईत शिकलेले प्रोग्रॅमर मनीष गोरेगावकर यांनी ही चूक उलगडून पाहिली, तेव्हा ती तेलुगूपुरती नसल्याचे दिसले. डोळ्यांना न दिसणारे, जोडणी तोडणारे एक चिन्ह ठरावीक जागी आले, तर बंगाली अक्षरे आणि र ने संपणारी देवनागरी जोडाक्षरेही तोच घोटाळा करत होती. ॲपलने १९ फेब्रुवारीला ११.२.६ ही दुरुस्ती दिली. त्या वेळी चाचणीत असलेल्या ११.३ मध्ये ही चूक नव्हती. आधीच्या आवृत्तीच्या चाचणीतून मात्र ती निसटून लाखो फोनांपर्यंत पोहोचली होती.

आता मुलुंडच्या वाचकांसाठी, आणि वाट पाहत बसलेल्या सर्वांसाठीच, एक काम. चाचणी आवृत्ती येण्याआधी तपासणीचे एक मराठी पान टाइप करून ठेवा.

त्यात पहिल्या ओळीत र ची सगळी रूपे घाला : अर्क, चक्र, ट्रक, दर्या, दऱ्या, ऱ्हास, कर्तृत्व. दुसऱ्या ओळीत अवघड जोडाक्षरे : वाङ्मय, उद्ध्वस्त, दत्तात्रेय, ज्ञानेश्वर, लक्ष्मी. तिसऱ्या ओळीत ॲप, ॲडव्होकेट, ऑफिस, बॅट. प्रत्येक शब्द टाइप केल्यावर बॅकस्पेस एकदाच दाबा आणि काय पुसले जाते ते लिहून ठेवा. अर्धे जोडाक्षर पुसले जाणे आणि अख्खे पुसले जाणे यात टाइप करणाऱ्याचा बराच वेळ वाचतो किंवा जातो.

मग क्रमवारी. ‘काशीमिरा’ आणि ‘काळबादेवी’ अशा नावांचे दोन फोल्डर करा. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून काशीमिरा आधी यायला हवे. ळ ला ल च्या शेजारी बसवणारी यादी काळबादेवी वर नेईल. सोसायटीच्या सभासदांची किंवा मतदारांची यादी करणाऱ्याला हा फरक लगेच खटकेल. इतरांच्या तो लक्षातही येणार नाही.

शेवटी ते पान छापा, पीडीएफ करा आणि त्या पीडीएफमधला मजकूर उचलून पुन्हा दुसरीकडे चिकटवा. पडद्यावर शहाण्यासारखे वागणारे अक्षर इथे हमखास विस्कटते.

हे पान आधीच तयार हवे, कारण तपासणीला वेळ फार थोडा मिळतो. विंडोज ७ ची बीटा जानेवारी २००९ मध्ये खुली झाली, ५ मे रोजी रिलीज कँडिडेट आली आणि जुलैत पक्की आवृत्ती उत्पादकांकडे गेली. त्यातही बीटाच्या पहिल्याच दिवशी लोकांनी सर्व्हर इतके गजबजवले, की मायक्रोसॉफ्टला डाउनलोड पुढे ढकलावे लागले आणि २५ लाखांची मर्यादाही उठवावी लागली. शिवाय ती फाइल सुमारे २.४ जीबीची. २५६ केबीपीएसच्या जोडणीवर तिला, वीज आणि लाइन दोन्ही टिकल्या तर, २१ तास लागत. रिलीज कँडिडेटच्या टप्प्यावर फक्त गंभीर चुकांना हात लावला जातो. ‘दऱ्या’ नीट दिसत नाही ही तक्रार तेव्हा सहसा पुढच्या आवृत्तीवर जाते. लिनक्सच्या गनोम डेस्कटॉपचे वेळापत्रक तर उघडच असते : दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि तिच्याआधी मूळ इंग्रजी वाक्ये बदलणे थांबते ती तारीख. मराठी भाषांतर करणारे त्या तारखेकडे डोळे लावून असतात.

चूक सापडली, तर विंडोजवर विंडोजची कळ आणि एफ एकत्र दाबा. तक्रार नोंदवायची खिडकी उघडेल. आवृत्तीचा पूर्ण बिल्ड क्रमांक, कोणता कीबोर्ड, कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, एवढे लिहा आणि पडद्याचे चित्र जोडा. समोरच्या माणसाला देवनागरी येत नसेल असे धरून चाला. म्हणून बरोबर आणि चूक अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवा.

पुढच्या आठवड्यात हार्ड डिस्कची वाटणी नक्की. त्यासाठी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह हाताशी ठेवा, आणि दुकानाच्या फाइलींची प्रत आजच वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.