स्टीअरिंग धरण्याआधी

महाराष्ट्रात जून २०२१ पासून शिकाऊ परवाना घरबसल्या मिळतो. ‘सारथी’ पोर्टलवर आधारनं ओळख पटवायची, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहायचा आणि परीक्षा द्यायची. प्रश्न १५, त्यांतले ९ बरोबर आले की पास. आरटीओतल्या रांगेतून सुटका झाली, हे चांगलंच झालं. पण व्हिडिओ लावून चहा टाकायला उठायचं आणि उत्तरं दुसऱ्याच कुणी द्यायची, ही खोडही त्यासोबत आली. माझ्या भाचीची परीक्षा अशीच एका एजंटनं उरकून दिली. पुढं पहिल्याच गोल चौकात ती गोंधळली. आधीपासून वर्तुळात फिरणाऱ्या, म्हणजे आपल्या उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तो नियम घरात बसून पाच मिनिटांत कळला असता.

परीक्षेत काय असतं

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये या परीक्षेचे विषय ठरलेले आहेत: वाहतुकीची चिन्हं, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी आणि गाडीत बाळगायची कागदपत्रं.

चिन्हं पाठ करू नका, आधी आकार ओळखा. लाल कडेचा त्रिकोण धोक्याची सूचना देतो, वर्तुळ हुकूम देतं, निळी चौकट माहिती देते. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी असते आणि ‘वाट द्या’ची पाटी उलट्या त्रिकोणाची. पाटीवर धूळ साचली, निवडणुकीचं पोस्टर चिकटलं, तरी आकारावरून हुकूम कळतो.

अपघाताचा भाग लोक भराभर पुढं ढकलतात. तो सावकाश पाहा. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्या वाटसरूला कायद्यानं संरक्षण दिलं आहे. त्यानं स्वतःचं नाव सांगितलंच पाहिजे, अशी सक्ती पोलिसांना करता येत नाही. हे ठाऊक असलं की रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळ थांबायला पाय कचरत नाहीत.

अंतराचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर कापते. समोर पोर धावत आलं, हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढं गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी वीसेक मीटर घसरते. एसटीच्या चार गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल जवळपास तेवढी जागा थांबायलाच लागते. वेग ३० असेल, तर हेच अंतर १८ मीटरच्या आत येतं. वेग दुप्पट झाला की ब्रेकनंतरचं अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं.

फोनवर नुसती दोन सेकंद नजर गेली, तर ६० च्या वेगात ३३ मीटर रस्ता न पाहता मागं जातो.

देशात २०२२ साली १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. दर दहांपैकी सात मृत्यूंच्या नोंदीत कारण अतिवेग असं आहे. हा हिशेब अंगात मुरलेला चालक पुढच्या गाडीला चिकटत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात मोजायला लागा. तीन सेकंद पुरे होण्याआधी तुम्ही खांबापाशी पोहोचलात, तर अंतर कमी आहे. पावसात याहून जास्त ठेवा. ही सवय गाडी हातात यायच्या आधीच, शेजारी बसून लावून घेता येते.

घाट आणि धुकं

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीचा पहिला मान. उतरणाऱ्यानं थांबून तिला वाट द्यायची. कारण सोपं आहे: भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणं अवघड. उतरताना खालचा गिअर टाका आणि इंजिनालाच गाडी आवरू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं हा जिवाशी खेळ आहे. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. आंबोलीसारख्या घाटात पावसाळ्यात धुकं उतरलं की पुष्कळजण चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावतात. मग गाडी वळणार की नाही, हे मागच्याला कळायचं कसं? धुक्यात लो-बीम लावा आणि वेग उतरवा.

पडद्याबाहेरचं शिक्षण

हाफ क्लच, आरशाच्या आवाक्यात न येणारी दुचाकी, चढावर मागं घसरणारी गाडी हे व्हिडिओ पाहून येत नाही. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी केंद्रानं जो अभ्यासक्रम ठरवला, त्यात हलक्या वाहनाला २९ तास आहेत: ८ वर्गातले, २१ प्रत्यक्ष गाडीवरचे. ही वाटणी मला अगदी रास्त वाटते. दहा-बारा दिवस रोज थोडा वेळ गाडी फिरवून आणणाऱ्या क्लासवर भागवत असाल, तर उरलेले तास घरच्या गाडीवर भरून काढा. त्यासाठी पुढं-मागं लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसलेला हवा.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते, पण ३१ व्या दिवशीच दिली पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. घाई करू नका. पहिला पाऊस, पहिली रात्र आणि पहिला घाट शेजारी जाणतं माणूस असतानाच होऊन जाऊ द्या.