वाट बघण्याचे चार रविवार

तुम्ही ख्रिस्ती असाल आणि कॉलेजात शिकत असाल, तर डिसेंबर कसा जातो हे वेगळं सांगायला नको. हिवाळी सत्राचे पेपर, प्रॅक्टिकल, पहाटे पोलीस भरतीचं ग्राउंड, लोहा-नांदेड एसटी. यातून मान वर करावी तर थेट २४ तारखेची रात्र. स्टार टांगला, केक कापला, स्टेटस ठेवलं, झाला नाताळ! २६ ला परत लायब्ररी. मधे काहीतरी राहून गेलं असं वाटतं ना? राहिलेला असतो तो आगमनकाळ.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या आठवड्यात जो रविवार येईल, त्या दिवशी तो सुरू होतो. कॅथलिक चर्चमध्ये तेव्हा फादरांचा झगा जांभळा होतो आणि रविवारच्या मिस्सात ग्लोरिया म्हणत नाहीत. आनंद मुद्दाम थोडा राखून ठेवायचा. आपल्या तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडा विकायला आणणारा माणूस काही आदल्या रात्री खरारा करायला घेत नाही. तयारीचे दिवस आधीच सुरू झालेले असतात.

पण वेळ कुठाय, हाच तुमचा प्रश्न. इथंच एक घोळ होतो. वाट बघणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं आपण धरून चालतो. बाईला मूल होणार असलं की मराठीत ‘तिला दिवस गेलेत’ म्हणतात. ते दिवस ती काय बसून काढते? भाकरी, धुणं, शेत, सगळं चालूच असतं. मरियासुद्धा त्या दिवसांत डोंगराळ भागातल्या अलीशिबेकडे गेली, तिथं तीनेक महिने राहिली आणि पुढं नावनोंदणीसाठी बेथलेहेमची वाट चालली. बायबलमधली ही वाट बघणारी बाई चांगलीच बिझी होती. बाहेरून तिचे दिवस इतरांसारखेच, फक्त आत कुणीतरी वाढत होतं.

पुण्याला क्लासला जाताना नांदेड-पनवेल गाडीनं दौंड सोडलं की केडगाव येतं. बहुतेक जण तेव्हा झोपेत असतात. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. त्यांचं जेवण, शाळा, आजारपण, शेती, छापखाना, सगळं बाईंच्या अंगावर. त्यातच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवायला बसल्या. जुन्या भाषांतराची मराठी त्यांना जड वाटायची. हे काम वर्षानुवर्षं चाललं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी पुरं झालं. त्यांनी आगमनकाळावर काही लिहिलंय म्हणून हे सांगत नाहीये. मोकळा वेळ मिळेल मग करू, असं त्या म्हणत बसल्या असत्या तर एक पानही झालं नसतं, एवढंच.

तेव्हा या चार आठवड्यांत आणखी एक कार्यक्रम वाढवू नका. तरुण संघाचं कॅरल, डेकोरेशनची वर्गणी, नाटुकलं हे असतंच, आणि त्यातच दमून जातो आपण. माझ्या मते त्यातलं एखादं सोडलं तरी चालेल. एसटीत नांदेड येईपर्यंत मोबाईल खिशात ठेवून लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतलं थोडंथोडं वाचा. घरात कुणाशी अबोला असेल तर तो २५ च्या आधी मोडा. हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि त्याला चार आठवडे लागतातच.

मेणबत्त्यांची रीत सोपी आहे. १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला विचर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक छोटी आणि रविवारची मोठी. मुलांनी मोजत बसावं. पुढं त्यातल्या रविवारच्या चारच उरल्या. तीन जांभळ्या, आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, आता जवळ आलंय म्हणून.

आपल्याकडं किराणा दुकानात जांभळी मेणबत्ती मिळत नाही, लाईट गेल्यावर लावायची पांढरीच मिळते. चालते. ताटलीत चार उभ्या करा, पहिल्या रविवारी एकच पेटवा, आणि बाकीच्या तीन तशाच राहू द्या.