सापासारखा वाकडा बाजा



साप म्हटला की आपल्याला पुंगी आठवते. पण मी ज्याची माहिती देणार आहे तो बाजा स्वतःच सापाच्या आकाराचा असतो. त्याचे नावही सर्पंट, म्हणजे साप. चांगली तीन वळणे घेतलेला, काळा, आणि आवाज म्हणाल तर म्हैस हंबरते त्याच्या जवळपासचा!

हा बाजा फ्रान्स देशातला. सन १५९० च्या सुमारास ओसेर गावच्या एदमे गियोम नावाच्या धर्मगुरूंनी तो काढला, असे पुढे दीडशे वर्षांनी लिहिलेल्या एका इतिहासात सांगितले आहे. तिथल्या चर्चमध्ये पुरुष मंडळी एका सुरात प्रार्थना म्हणत. त्यांना खालून भरदार आवाजाचा आधार हवा होता. आपल्याकडे भजनात पेटीवाले खालचा सूर धरून ठेवतात ना, तसेच.

आता खालचा सूर निघतो कसा? विज्ञानाच्या तासाला आपण शिकलो की आवाज म्हणजे कंपने. कंपने जास्त तर आवाज बारीक, कंपने कमी तर आवाज जाड. नळीत फुंकले की आतली हवा कापते. नळी आखूड असेल तर भराभर कापते, लांब असेल तर सावकाश. नळी दुप्पट लांब केली की कंपने निम्मी होतात, आणि सूर एक सप्तक खाली उतरतो. सर्पंटची नळी सुमारे ८ फूट लांब. तिचा खालचा सूर सेकंदाला साधारण ६५ कंपनांचा. माणसाच्या कानाला साधारण २० पर्यंतच ऐकू येते. म्हणजे बघा किती खाली गेला तो.

पण ८ फुटांची सरळ नळी माणूस वाजवणार कशी? तोंड एकीकडे आणि भोके पार तिकडे. म्हणून ती वाकवली. वळणे अशी दिली की सहाही भोके दोन्ही हातांच्या बोटांखाली आली, तीन या हाताला, तीन त्या हाताला. साप दिसावा म्हणून कोणी तो वाकडा केला नाही, बोटे पुरावीत म्हणून केला. मला तर ही अक्कल फार आवडली.

लाकूड काही वाकत नाही. म्हणून अक्रोडाच्या लाकडाचे दोन अर्धे भाग आतून कोरायचे, शेंगेच्या दोन फाकांसारखे, आणि सरसाने चिकटवायचे. फट राहू नये म्हणून वरून चामडे गुंडाळायचे. वरच्या टोकाला धातूची वाकडी नळी आणि तिच्यावर वाटीसारखी तोंडी. त्या वाटीत ओठ थरथरवून फुंकायचे, जसे आपल्याकडे जत्रेत शिंग फुंकतात. शिंगाला बोटांची भोके नसतात, म्हणून त्यातून मोजकेच सूर निघतात. सर्पंटमधून सगळे सूर निघतात.

इथेच खरी अडचण आहे. भोके बोटांच्या सोयीने पाडलेली, सुराच्या हिशेबाने नाहीत. सुराच्या हिशेबाने ती कितीतरी दूर दूर हवीत, आणि मोठीही हवीत. त्यामुळे बोटे बरोबर ठेवली तरी सूर आपोआप बरोबर येत नाही. वाजवणाऱ्याने आधी तो मनात ऐकायचा आणि ओठांनी ओढून जागेवर आणायचा. कान कच्चा असेल तर बाजा लगेच चुगली करतो.

तरी दोनशे-अडीचशे वर्षे तो चालला. लष्कराच्या बँडमध्ये गेला, इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चमध्ये गेला. बर्लिओझ नावाच्या फ्रेंच संगीतकाराने सन १८३० मध्ये आपल्या मोठ्या वाद्यवृंदातही त्याला जागा दिली. पण सन १८३५ मध्ये बर्लिनमध्ये पितळेचा ट्यूबा निघाला. लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात अडकवायचा मोठा भोंगा असतो ना, त्याच घराण्यातला तो. त्याला दाबायच्या कळा होत्या, सूर सोपा झाला. मग सर्पंट कोण शिकणार? हळूहळू तो भिंतीवर टांगला गेला. कागदावर त्याचे सूर लिहिलेले होते, पण वाजवणारे जवळजवळ उरले नाहीत. बाजा काचेच्या कपाटात ठेवला की तो दिसतो, ऐकू येत नाही.

तो परत ऐकू आला तो थोड्या वेड्या माणसांमुळे. इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर मंक (१९२१ ते १९९१) नावाचे गृहस्थ होते. त्यांनी जुने सर्पंट पाहून नवे बनवायला घेतले आणि स्वतः वाजवायला शिकले. सन १९७६ मध्ये त्यांनी अँड्र्यू व्हॅन डर बीक व अॅलन लम्सडेन यांच्याबरोबर तिघांचा एक ताफा काढला, लंडन सर्पंट ट्रिओ. तिघेच! पण तिघे वाजवतात म्हटल्यावर चौथ्याला ऐकायला मिळते आणि पाचवा विचारतो, मला मिळेल का एक? सन १९८९ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायना येथे सर्पंटवाल्यांचा मेळा भरला आणि १९९० मध्ये बाजाला ४०० वर्षे झाली म्हणून लंडनला उत्सव झाला. वेगवेगळ्या देशांतले लोक आपापला साप काखेत मारून आले असतील, या कल्पनेनेच मला हसू येते.

या लोकांना मोठ्या सापाचेही वेड. इंग्लंडमध्ये हडर्सफील्डजवळ वुड नावाच्या भावांनी सन १८४० च्या सुमारास दुप्पट मोठा सर्पंट केला होता. नळी सुमारे १६ फूट! त्याला अॅनाकोंडा म्हणतात आणि तो आज एडिंबरा विद्यापीठाच्या वाद्यसंग्रहात आहे. उलट मंक यांनी एक अगदी छोटाही केला. त्याचे नाव वर्म, म्हणजे अळी.

तुम्हाला हे करून पाहायचे असेल तर पाण्याच्या जुन्या नळीचे दोन तुकडे घ्या, एक ४ फुटांचा, एक ८ फुटांचा. स्वच्छ धुवा. दुसऱ्या टोकाला नरसाळे घट्ट बसवा. ओठ मिटून फुर्रर्र करत फुंका. नुसती हवा सोडली तर काहीच वाजणार नाही. ओठ आवळले तर लांब नळीतूनही बारीक आवाज येतो, म्हणून ओठ सैल ठेवा. दोन्ही तुकड्यांतला फरक लगेच कळेल.

आमच्या वर्गाने दोन्ही नळ्या तयार केल्या आहेत. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत हातपंपाजवळ यावे. पालकांनीही फुंकून पाहायला हरकत नाही, मात्र प्रत्येकाने आपल्यानंतर नळीचे तोंड धुऊन ठेवावे.