ट्रॅक द्यायचा तर निवडून द्यावा

सालवड-बोईसरच्या ट्रेकरला एका दिवसात उरकतील असे किल्ले हाताशी आहेत. महामार्गालगतच्या खोडकोन्यातून अशेरीगड होतो, पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून काळदुर्ग होतो आणि सफाळ्याजवळ तांदुळवाडी आहेच. या वाटा पूर्वी गावातल्या माहीतगाराला विचारून कळत. आता कुणीतरी आधी चालून गेलेला जीपीएस ट्रॅक, म्हणजे जीपीएक्स फाईल, मोबाईलवर येते आणि मंडळी तिच्या भरवशावर निघतात. फाईल जशी नोंदली गेली तशीच पुढे पाठवण्यात प्रामाणिकपणा आहे, असा समज रूढ आहे. तो तपासून पाहायला हवा, कारण कच्च्या ट्रॅकमध्ये चालणाऱ्याच्या पावलांइतक्याच यंत्राच्या चुकाही नोंदलेल्या असतात.

मोकळ्या आकाशाखाली फोन आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर सांगतो. दाट झाडीत किंवा कड्याच्या पोटातून जाताना उपग्रहाचा संदेश खडकावर आपटून, लांबच्या मार्गाने येतो आणि चूक आणखी वाढते. या चुका एकमेकींना खोडून काढतील ही आशा अंतराच्या बाबतीत फोल ठरते. बिंदू डावीकडे सरको की उजवीकडे, रेघ वाकडीच होते आणि वाकडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब भरते. जवळजवळच्या बिंदूंमधले अंतर यामुळे सरासरीने वाढूनच येते, हे पीटर रानाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गणिताने दाखवले. माथ्यावर जेवायला बसलेल्यांच्या फोनमध्ये बिंदू सेकंदाला अर्धा मीटर जरी भटकला, तरी अर्ध्या तासात ९०० मीटरची चाल फुकट जमा होते. उंचीतली चूक तर आडव्या चुकीहून मोठी असते आणि तिचा प्रत्येक खोटा उंचवटा एकूण चढात मिळवला जातो.

म्हणून आधी सफाई आणि मग सुलभीकरण, हा क्रम पाळावा लागतो. सेकंदाला एक बिंदू धरला तर सहा तासांत २१,६०० बिंदू होतात. ते कमी करण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत डेव्हिड डग्लस आणि थॉमस प्यूकर यांनी १९७३ मध्ये मांडली. दोन टोके सरळ रेघेने जोडायची, त्या रेघेपासून सर्वांत दूरचा बिंदू ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल तर राखायचा, आणि दोन्ही तुकड्यांवर तेच पुन्हा करायचे. मर्यादेच्या आतले बिंदू गळतात. यातली मेख अशी की दरीत उडालेला खोटा बिंदूच सर्वांत दूर असतो, त्यामुळे ही रीत नेमका तोच जपून ठेवते. चढावर ताशी चाळीस किलोमीटर वेग दाखवणारे असे बिंदू आणि विश्रांतीच्या जागचा गुंता आधीच काढलेला असला पाहिजे. मर्यादाही यंत्राच्या चुकीएवढीच, म्हणजे पाच मीटरच्या आसपास ठेवावी. ती पन्नास मीटर केली की नागमोडी वाट थेट कड्यावर चढणारी रेघ होऊन बसते.

यावर आक्षेप येतो की मूळ नोंदीत ढवळाढवळ म्हणजे खोटेपणा. मूळ फाईल बाजूला जपून प्रतीवर काम केले तर हा आक्षेप उरत नाही. शिवाय मूळ नोंदीची अचूकताही बरीचशी दिखाऊ असते. अक्षांशातले दशांशानंतरचे सातवे स्थान एका सेंटिमीटरची बढाई मारते, जेव्हा यंत्राची खात्री काही मीटरपलीकडे जात नाही. पाच स्थाने पुरेशी आहेत. दुसरा आक्षेप असा की फोनमध्ये जागा भरपूर आहे, मग बिंदू कमी का करायचे? प्रश्न जागेचा नाही. गुंतलेल्या रेघेत फाट्यावर कुठे वळायचे हे दिसत नाही, आणि जुन्या हातयंत्रांना बिंदूंची मर्यादाही असते. उंचीसाठी काहीजण फोनचे आकडे टाकून २००० सालच्या अवकाशयान मोहिमेतून तयार झालेला उंचीचा नकाशा वापरतात. पण त्याचा एकेक चौकोन सुमारे तीस मीटरचा आहे. अशेरीच्या कातळटप्प्यासारख्या जागी रेघ जराशी सरकली की उंची एकदम बदलते, म्हणून तिथे फोनचीच उंची सरासरीने गुळगुळीत केलेली बरी.

एक सफाई मात्र कुठल्याही सूत्राला जमत नाही. पावसाळ्यात गवत माजले की ढोरवाटा मुख्य वाटेसारख्याच दिसतात. चुकीच्या वाटेने दोनशे मीटर जाऊन परतलेला माणूस ती चूक ट्रॅकमध्ये ठेवून जातो आणि मागून येणारा तीच गिरवतो. सूत्राच्या लेखी ते एक रीतसर वळण असते. तसेच घराच्या दारातून सुरू झालेली रेघ घराचा पत्ताही सांगते. २०१८ मध्ये स्ट्रावा ॲपच्या सार्वजनिक नकाशावरून लष्करी तळांवरच्या धावण्याच्या वाटा उघड झाल्या, तेव्हा हा धोका जगाला कळला. म्हणून ट्रॅकची सुरुवात पायथ्यापासून ठेवावी, चुकलेले फाटे छाटावेत, आणि कोणत्या महिन्यात चाललो तेही फाईलमध्ये लिहावे. बिंदू कमी करायचे काम संगणकावर सोपवता येते. कोणती वळणे खरी याची जबाबदारी फाईल पाठवणाऱ्याची.