उमेदवारी आणि खताचा ढीग

आपल्या न्यासाच्या कुटुंबांतील मुलेमुली हल्ली सुट्टीत सहा-आठ आठवडे ‘इंटर्नशिप’ करतात. आपला जुना शब्द उमेदवारी. पूर्वी उमेदवार म्हटला की कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करणारा तरुण डोळ्यांपुढे येई. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या उमेदवारीस पदवीच्या अभ्यासक्रमातच जागा दिली, आणि आता ती महाविद्यालयाच्या आवारातही, तेथील पाणी, वीज, कचरा व झाडे यांच्या व्यवस्थेत, करता येते. अशा वेळी मुलांकडे नेमके काय सोपवावे, असे पालक आम्हांस विचारतात. याचे उत्तर शोधण्यास इंदूरकरांस गावाबाहेर जावयास नको.

१९२४ साली इंदूर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. आज तेथे कृषी महाविद्यालय आहे. संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड हे १९३१ पर्यंत येथे होते. आवारात निघणारा पालापाचोळा, तण, कपाशीच्या पऱ्हाट्या, गुरांखालचे अंथरूण, यांतले काहीच फेकावयाचे नाही असा त्यांचा बाणा होता. हा सारा माल शेणकाला, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांच्यासह थराथराने खड्ड्यात भरीत. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोली अवघी २ फूट. कारण कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांस हवा लागते. ढीग आतून सुमारे ६५ अंशांपर्यंत तापे. पंधरवड्याने पहिल्यांदा परतावयाचा, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात मात्र खड्डा नाही, जमिनीवर ढीग. हीच पुढे जगभर ‘इंदूर पद्धती’ म्हणून गाजली.

या कामात हॉवर्डसाहेबांबरोबर यशवंत वाड होते. पद त्यांचे रसायनशाखेच्या प्रमुख सहायकाचे. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने या पद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ काढला तेव्हा त्यावर दोन लेखकांची नावे छापली गेली, हॉवर्ड आणि वाड. सहायकाचे नाव प्रस्तावनेच्या शेवटी आभारांत येण्याची रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून आम्हांस ही गोष्ट मोठी वाटते. हॉवर्ड गेल्यावर काम थांबले नाही, हे त्याहून मोठे. १९३४ साली जॅक्सन व वाड यांची पुस्तिका निघाली. तीत हीच पद्धत मानवी वस्तीतील कचरा व मैला यांस कशी लावावी हे सांगितले होते.

आता हिशेब करून पाहावा. खतास तीन महिने लागतात आणि उमेदवार सहा आठवड्यांत निघून जातो. म्हणजे ज्याने ढीग रचला तो तिसऱ्या परतणीस हजर नसतो, आणि खत तर त्याच्या दृष्टीसही पडत नाही. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची गोम येथे आहे. आवारातले खरे काम सुट्टीच्या मापाने बेतलेले नसते. मापात बसणारे काम द्यावयाचे म्हटले की पाट्या रंगविणे, शपथ घेणे आणि झाडासह छायाचित्र काढणे एवढेच उरते.

हे बोलण्याचा अधिकार आम्हांस आमच्या चुकीने दिला आहे. गेल्या पावसाळ्यात जुन्या इंदुरातील आपल्या सभागृहाच्या स्वयंपाकघरामागे तीन विद्यार्थ्यांकडून आम्ही खड्डा करविला. मुलांनी हौसेने भरला. आम्ही त्यांचा सत्कारही केला. त्यांचे कॉलेज सुरू झाले आणि खड्ड्याकडे कोणी फिरकले नाही. त्यात पाणी साचले, हवा कोंडली आणि ऐन श्रावणातल्या पंगतीत अशी दुर्गंधी सुटली की महाराजांनी वाढपी थांबवून खिडक्या लावून घेतल्या. पावसाळ्यात खड्डा करू नये, ही गोष्ट याच शहरात नव्वद वर्षांपूर्वी छापून झालेली! मुलांस दोष नाही. आम्ही त्यांना फावडे दिले, जबाबदारी दिली नव्हती.

जबाबदारी दिली म्हणजे काय केले? आमच्या ओळखीची एक मुलगी आपल्या वसतिगृहाच्या मेसमध्ये चार आठवडे रोज ताटातले उष्टे वजन करून वहीत मांडीत होती. रविवारी भात फार टाकला जातो हे तिने आकड्यांनी दाखविले. परंतु रविवारचा भात कमी शिजवा, असे सांगण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि वही कपाटात गेली. मोजणे तिचे, ठरविणे भलत्याचेच, असे असता तिला उमेदवार न म्हणता कारकून म्हणावे. एक आठवडा तिच्या सांगण्याप्रमाणे शिजविले असते तर काय बिघडले असते? चुकले असते तरी तेही वहीत आलेच असते.

कोणी म्हणेल, महापालिकेची गाडी दारावरून ओला कचरा नेते, देवगुराडियास २०२२ पासून त्याचा गॅस होतो, मग आवारात हा खटाटोप कशास? गाडी उत्तमच आहे. परंतु २०१६ च्या घनकचरा नियमांनीच ५,००० चौरस मीटरांहून मोठ्या संस्थांनी आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा असे सांगितले होते. शिवाय बागेसाठी खत विकत आणणारे महाविद्यालय आपलाच पाला बाहेर धाडते, हा उलटा व्यापार आहे.

या वर्षी आम्ही ढीग जमिनीवर रचला आहे. जोडी-जोडीने मुले येतात. जुन्या जोडीने नव्या जोडीसमोर एकदा ढीग परतल्याशिवाय आम्ही प्रमाणपत्रावर सही करीत नाही. वहीत तारीख, पाणी, वास आणि आत खुपसलेल्या लोखंडी सळईची ऊब एवढेच लिहावयाचे. स्वयंपाकघराची किल्ली त्यांच्याकडे असते आणि उष्ट्यात पत्रावळी मिसळल्या तर महाराजांस हटकण्याची त्यांना मुभा आहे. महाराज प्रथम रागावले. आता राख तेच आणून देतात. वही न्यासाच्या कचेरीत दाराजवळच्या खुंटीस टांगली आहे. ज्यांच्या मुलामुलींस यावयाचे असेल त्यांनी तिच्या मागल्या पानावर नाव लिहावे.